बरोबर मुद्दा, खणखणीत आवाज

वसाहतीचं वाचनालय बंद करून तिथे गाड्या उभ्या करायच्या, असा ठराव सभेत येणार होता. तिथला ग्रंथपाल मी. त्यामुळे विरोधात बोलायचं घोंगडं माझ्याच गळ्यात. आणि माझा आवाज तर मलाच धड ऐकू येत नाही.

बायको गाणं शिकवते. ती म्हणाली, "घशातून ओरडू नकोस, पोटातून बोल. आवाज दबला की मी तळहात वर करीन."

मेव्हणा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. तो कसा मागे राहील? "दाजी, लोक मुद्दा सोडून माणसावर घसरतात. एका उदाहरणावरून सगळ्यांचं ठरवून मोकळे होतात. कुणाच्या बोलण्यात अशी खोट दिसली की मी बोट वर करीन. तुम्ही तिथल्या तिथे पकडायचं."

आठवडाभर जेवताना समोर कधी बोट, कधी तळहात. घास गिळू की मुद्दा मांडू, काही कळेना.

सभेत गाड्यांच्या जागेचा ठेका घेणारा ठेकेदार उठला. "याची नोकरी जाते, म्हणून याला पुस्तकांचा पुळका!"

बोट वर. "हे माझ्याबद्दल झालं, वाचनालयाबद्दल नाही," मी म्हणालो. तळहात वर. पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

मग शिवणकाम करणाऱ्या मावशी उठल्या. एरवी त्या सभेत तोंड उघडत नाहीत. "माझी पोरगी इथंच बसून शिकली, आज नर्स आहे. ही खोली बंद करू नका हो."

सभा हलली. दोघंतिघं माना डोलवू लागले. आणि सवयीने मेव्हण्याचं बोट वर गेलं. आता तरी मोठ्याने बोल, म्हणून शेजारी बायकोचा तळहात. माझं पोट आपोआप फुगलं.

"एका मुलीवरून काहीही सिद्ध होत नाही!"

आवाज पार दारापर्यंत गेला. मावशी खाली बसल्या. ठेकेदाराने टाळी वाजवली. ठरावाच्या बाजूने भराभर हात वर झाले, तर मी वेड्यासारखा त्यातही खुणा शोधत राहिलो.

"मुद्दा बिनचूक होता, दाजी," मेव्हणा वाटेत पुटपुटला.

"आणि आवाज पोटातून," बायको म्हणाली. मग आम्ही हरलो कसे?

दुसऱ्या दिवशी मावशी पुस्तक परत करायला आल्या. "बरोबर बोललात तुम्ही. माझ्या एकटीच्या पोरीवरून काय ठरतंय?" पुस्तक टेबलावर ठेवून त्या निघाल्या.

मला त्यांना थांबवायचं होतं. पण तोंडातून आवाजच फुटला नाही.