रिकामं पारडं

तपासणीच्या आधीचे दोन दिवस काटेवाले रक्तदाबाच्या गोळ्या घेत नसत. त्यात लपवाछपवी काही नव्हती. उलट तो त्यांचा प्रामाणिकपणा होता, आणि नेमका तोच त्यांच्या मुळावर उठला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर विचारत, गोळ्या चालू आहेत ना? गोळ्या चालूच होत्या. काटेवाले मान हलवत. विचारलं तेवढंच सांगणारा माणूस, आणि तेही मोजून मापून.

गेली बेचाळीस वर्षं ते तराजू दुरुस्त करत होते. सोनाराच्या काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यापासून गोदामात पोती तोलणाऱ्या धुडापर्यंत सगळं त्यांच्याकडे येई. गल्लीच्या तोंडाशी एका दाराचं दुकान, आत एक बाक, बाकावर कानशी, चिमटे, एक मऊ ब्रश आणि मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. ही वजनं ते स्वतःसुद्धा उघड्या हातानं उचलत नसत. बोटाचा घामही वजनात धरला जातो, असं ते म्हणत, आणि ते खरंच आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक काट्याला त्यांचा नियम एकच. आधी पारडी रिकामी करायची, पुसायची, काटा शून्यावर आणायचा आणि मगच पुढचं बोलायचं. पारड्यात कालची धूळ ठेवून आजचं काम करणारा माणूस त्यांच्या लेखी चोर होता.

आता असा माणूस दाब मोजायला जाताना काय करणार? अंगात गोळी ठेवून जाणं म्हणजे पारड्यात काहीतरी ठेवून काटा बघणं. डॉक्टरांना खरं माप मिळायला नको का? म्हणून दोन दिवस आधी गोळी बंद.

मग दाब चढलेला दिसे आणि डॉक्टर एक गोळी वाढवत. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. घरी परतल्यावर काटेवाले तिन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत, आणि चार-पाच दिवसांत बाकावरून उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसला प्रकार. फक्त इथे रेडाही तेच होते आणि पखालही तेच.

दोनदा ते पडले. पहिल्यांदा दुकानातच, गुडघ्यावर निभावलं. दुसऱ्यांदा दुकानाच्या पायरीवरून थेट रस्त्यावर, आणि कपाळाला पाच टाके पडले. तेव्हा मुलीनं दुकानाची किल्ली काढून घेतली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी-जावई दोन गल्ल्या पलीकडे राहत, आणि मुलगी स्वभावानं बापावरच गेली होती. एकदा ठरवलं की ठरवलं. तिनं सांगितलं, पुढच्या तपासणीत दाब ताब्यात आला तर किल्ली परत. नाही आला तर दुकान बंद, वजनं पेटीत आणि बाबा आमच्या घरी. तिनं रागावून सांगितलं असतं तर काटेवाले भांडले असते. पण सांगताना तिचे डोळे भरले होते, त्यामुळे त्यांना मूग गिळून बसावं लागलं.

तो महिना त्यांनी परीक्षेसारखा काढला. मीठ अर्ध्यावर आणलं, सकाळी चालायला लागले, रात्री नऊला झोपू लागले. आणि तपासणीच्या दोन दिवस आधी अगदी निष्ठेनं गोळ्या बंद केल्या. त्या दोन दिवसांत पाय घट्ट होते, अंधारी नव्हती. किल्ली आता मिळतेच, असं त्यांच्या मनानं घेतलं.

वरचा आकडा एकशे ब्याऐंशी आला.

डॉक्टर वाईट नव्हते. तरुण होते, हुशार होते आणि त्यांच्या दाराबाहेर चाळीस माणसं बसली होती. मागच्या खेपेला त्यांनी हृदयाचं चित्र काढून सगळं समजावलं होतं, वर एक छापील कागदही दिला होता. काटेवाल्यांनी तो कागद घरी जाऊन दोनदा वाचला, मग चार घड्या घालून एका डुगडुगणाऱ्या काट्याच्या पायाखाली सरकवला. काटा समतल बसला. कागदाचा उपयोग झाला तो एवढाच.

या खेपेला डॉक्टरांनी चौथी गोळी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात मुलीनं सरळ विचारलं की दुकान बंद करू का. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग काटेवाल्यांच्या कपाळावरच्या खुणेकडे, आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, आधी टोकाच्या खोलीत सिस्टरांकडे बसून या, मग ठरवू.

टोकाच्या खोलीतल्या सिस्टरांना सगळा दवाखाना पाठीमागे 'सांगापाहू' म्हणत असे. पन्नाशी उलटलेली बाई, घोगरा आवाज, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आजार काय, गोळी कशाची, कधी घ्यायची, हे त्या पेशंटला समजावून सांगत, आणि शेवटी म्हणत, आता तुम्ही सांगा पाहू. पेशंटनं स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय त्या त्याला खुर्चीतून उठू देत नसत. नव्या नर्सेसना वाटे, बाईंचा कुणावर विश्वास नाही. खरं म्हणजे त्यांचा विश्वास नव्हता तो स्वतःच्या सांगण्यावर. समोरच्याला कळलं नाही तर चूक आपल्या सांगण्यात आहे, असं मानणारी माणसं कुठल्याही कचेरीत शोधून पाहा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील. एका गवंड्याला त्यांनी ठिसूळ झालेली हाडं त्याच्याच थापी-ओळंब्याच्या भाषेत समजावली होती. एका शिक्षिकेला दम्याचा पंप कसा ओढायचा याचा अख्खा तास घ्यायला लावला होता, आणि विद्यार्थिनी म्हणून स्वतः बसल्या होत्या.

काटेवाल्यांशी मात्र त्यांची सुरुवात चुकली. त्यांनी नेहमीचंच काढलं. शरीरात नळ्या असतात, नळीत पाण्याचा जोर वाढला की नळीवर ताण येतो वगैरे.

"मी नळ दुरुस्त करत नाही," काटेवाले म्हणाले.

मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर मात्र मनापासून हसल्या. म्हणाल्या, चुकलंच माझं, मग तुम्ही काय दुरुस्त करता?

झालं. महिनाभर किल्लीविना बसलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. काटेवाले उठले आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्यापाशी जाऊन उभे राहिले. खोलीत शिरल्यापासून त्यांचं लक्ष तिथेच होतं. त्यांनी दाखवलं, वर कुणी उभं नसताना काटा शून्याच्या पुढे आहे, म्हणजे यावर चढलेला प्रत्येक माणूस तुमच्या कागदांत दीड किलोनं जाड आहे. मग पारडी रिकामी करण्यापासून सगळं सविस्तर सांगितलं. सिस्टर ऐकत होत्या, आणि वेळ घालवायला ऐकतात तसं नव्हे. काटा मुळात खरा आहे हे कशावरून ओळखता, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर नीट कळेना तेव्हा परत विचारलं. बेचाळीस वर्षांत काटेवाल्यांना हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता. बाई कामाची आहे, असं त्यांनी मनात नोंदवलं, आणि ते असं सहसा कुणाबद्दल नोंदवत नसत.

मग सिस्टरांनी मुलीकडे वळून विचारलं, बाबा पडले ते कधी? मुलीला तारखा पाठ होत्या. दोन्ही वेळा तपासणी करून आल्यावर आठवड्याच्या आत. आणि तपासणीच्या दिवशी चक्कर? ती कधीच नाही, काटेवाले म्हणाले, त्या दिवशी तर अगदी ठणठणीत असतो.

सिस्टरांनी चष्मा काढला. थोडा वेळ त्या वजनकाट्याकडे पाहत राहिल्या.

"काका, इथे यायच्या आधी तुम्ही स्वतःलाही शून्यावर आणता का?"

"आणावंच लागतं. दोन दिवस गोळी बंद ठेवतो. नाहीतर तुम्हाला खरं माप कसं मिळणार?"

मुलगी काहीतरी बोलणार होती. सिस्टरांनी हात वर करून तिला थांबवलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, कपाळाला हात लावला नाही. इतर लोक गोळी विसरतात किंवा कंटाळतात, म्हणाल्या, आमच्याशी खरं वागावं म्हणून गोळी सोडणारे तुम्ही पहिलेच. काटेवाल्यांना हे ऐकून बरं वाटलं, आणि काहीतरी चुकलंय हेही त्याच क्षणी कळलं. चूक दाखवायची पण माणसाचा मान ढळू द्यायचा नाही, ही कला ज्याला येते त्याच्यापुढे हात जोडावेत.

"दोन पारड्यांचा तराजू घ्या," सिस्टर म्हणाल्या. "एकात धान्य, दुसऱ्यात वजन. तोलताना कुणी वजनच उचलून घेतलं तर?"

"मग ते तोलणं कसलं?"

"तेच तर. काटा दुरुस्त करताना पारडी रिकामी करायची, हे तुमचं खरं. पण इथे आम्ही तोलतोय, काका. एका पारड्यात तुमचा दाब, दुसऱ्यात गोळी. काटा मध्यावर येतो का, एवढंच आम्हाला बघायचंय. तुम्ही दर वेळी गोळीचं पारडं रिकामं करून येता. आम्हाला वाटतं वजन कमी पडलं, म्हणून आणखी एक लिहून देतो. मग घरी जाऊन तुम्ही ती सगळी वजनं एकदम त्या पारड्यात टाकता."

काटेवाल्यांचा हात आपसूक कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला.

"मग पारडं आदळतं," ते म्हणाले.

"आदळतं," सिस्टर म्हणाल्या. "आता मुलीला सांगा पाहू, यापुढे काय करायचं."

काटेवाल्यांनी मुलीला सांगितलं. गोळी रोज ठरल्या वेळी, तपासणीच्या दिवशीसुद्धा. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी स्वतःच्या मनानं पुढे जोडलं, की चक्कर आलीच तर पारडं हलकं करायला एखादी गोळी काढून टाकायची. दुसरा कुणी असता तर पहिल्याच वाक्याला खूश होऊन त्यांना घरी पाठवून मोकळा झाला असता. सिस्टरांनी ते शेपूट बरोबर पकडलं. वजन काढायचं की घालायचं हे डॉक्टर ठरवतील, म्हणाल्या, चक्कर आली तर आधी खाली बसायचं आणि त्याच दिवशी इथे कळवायचं. सकाळी अंथरुणाच्या कडेला जरा बसून मग उठायचं. पुन्हा सांगा पाहू. काटेवाल्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते मुलीला हातवारे करून समजावत होते, आणि मुलगी रडत होती की हसत होती, हे तिचं तिलाच ठाऊक.

सिस्टर उठून डॉक्टरांकडे गेल्या. चाळीस माणसं बाहेर ताटकळत असताना डॉक्टर स्वतः त्या खोलीपर्यंत चालत आले, ही त्यांचीही मोठीच गोष्ट. सगळं पुन्हा ऐकून घेऊन त्यांनी चौथी गोळी लिहिलीच नाही आणि तिसरी खोडली. दोन गोळ्या खंड न पाडता घ्यायच्या, आणि पंधरा दिवस रोज सकाळी सिस्टर बसवून आणि उभं करून दाब मोजतील. काटेवाल्यांना ते म्हणाले की आजवर मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो. त्या दिवसापासून ते प्रत्येकाला विचारू लागले, आज सकाळी गोळी घेतली का?

किल्ली मुलीनं त्या दिवशी दिली नाही. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. काटेवाल्यांनी कुरकुर केली नाही. मापाला वेळ द्यावा लागतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सोळाव्या दिवशी आकडा आला एकशे अठ्ठावीस. उभं राहूनही जवळपास तेवढाच. पंधरा दिवसांत अंधारी एकदाही आली नव्हती. मुलीनं पर्समधून किल्ली काढली आणि बापाच्या तळहातावर ठेवली. काटेवाल्यांनी मूठ मिटली. आता हा माणूस धावत दुकानात जाणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांनी मुलीला तिच्या हातातली जड पिशवी खाली ठेवायला सांगितली. सकाळपासून ती पिशवीवरून कुरकुरत होती, आणि तेही वाजवीच होतं, कारण आत पाच किलोचं लोखंडी वजन होतं. सोबत मऊ ब्रश आणि दोन पेचकस.

अर्धा तास काटेवाले कोपऱ्यातल्या वजनकाट्यापाशी मांडी घालून बसले होते. धूळ काढली, खालचा पेच फिरवला, काटा शून्यावर आणला. लोखंडी वजन वर ठेवलं. पाच म्हणजे पाच. मग त्यांनी सिस्टरांना बोलावून सगळं दाखवलं. रोज सकाळी आधी वरची पाटी पुसायची, मग वाकून नाही, समोर उभं राहून काटा बघायचा, सरकला असेल तर हा पेच एवढाच फिरवायचा, आणि आठवड्यातून एकदा हे वजन ठेवून खात्री करायची. वजन इथेच राहू द्या, म्हणाले, माझ्याकडे दुसरं आहे.

सिस्टरांनी मान डोलावली. कळलं, म्हणाल्या.

काटेवाले उठले, पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले आणि किल्ली गुडघ्यावर ठेवून त्यांनी हाताची घडी घातली.

"मान हलवू नका, सिस्टर," ते म्हणाले. "आता तुम्ही सांगा पाहू."

सिस्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, ब्रश हातात घेतला आणि पाटी पुसण्यापासून सांगायला सुरुवात केली.