निरोप्या

फ्रेमवाल्याच्या दुकानात प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जायचं. मागच्या टेबलावर त्याची आई पुठ्ठे कापायची, पुढे गल्ल्यावर बायको बसायची, आणि मधे हा काचा कापत उभा. "तुझ्या बायकोला सांग, पुठ्ठा संपत आलाय," असं आई म्हणायची. हा मान वळवून म्हणायचा, "आई म्हणते, पुठ्ठा संपत आलाय." बायको आधीच ऐकलेलं पुन्हा ऐकून घ्यायची आणि उत्तर ह्याच्याच हाती धाडायची. गिऱ्हाइकांना आधी हसू यायचं, मग सवय व्हायची.

अबोल्याचं कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. सुनेनं सासऱ्यांचा फोटो दर्शनी भिंतीवरून काढून आतल्या खोलीत लावला. दुकानात शिरताच गिऱ्हाइकानं मेलेल्या माणसाचं तोंड कशाला बघायचं, हा तिचा विचार. सासूनं त्या दिवशी तोंड फिरवलं ते फिरवलंच, आणि सूनही काही कमी नव्हती.

मग त्याची दाढ दुखायला लागली. दातांचा डॉक्टर बाहेरगावी गेलेला. ह्याचा गाल टम्म सुजला, घास चावेना, नुसत्या पाण्यावर दिवस काढू लागला. बायकोचा जीव तुटायचा. ती लिंबाच्या वासाची ताप-सर्दीची पुडी गरम पाण्यात ढवळून द्यायची आणि हळूच म्हणायची, "आईंना सांगू नका. म्हणतील, साध्या दाढेचा केवढा बाऊ करते." तो जरा कण्हला की पुन्हा पुडी. सगळ्या घराचे निरोप वाहणारा माणूस, पण ही एक गोष्ट त्यानं पोटात ठेवली.

काही दिवसांनी त्याला उलट्या झाल्या, आणि मग एकाएकी बरं वाटायला लागलं. दाढही शांत झाली. तो शीळ घालत कामाला लागला. बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला.

पण दुपारी तो काच कापताना उभ्या उभ्या झोपला. जागा झाला तेव्हा फोटो उलटा बसवून मोकळा. त्याच्या तोंडाला कसलातरी गोडसर, कुबट वास येत होता. गिऱ्हाइकाला थांबवायला त्यानं पंजा पुढे धरला, तर पंजा खाली पडे, वर येई, पुन्हा पडे. जणू कुणाला तरी टाटा करतोय. दारात कुणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यानं एक फ्रेम केली. काळ्या लाकडाची, थेट सासऱ्यांच्या फोटोला होती तशी. आत फोटो नव्हता.

"कुणाची ऑर्डर?" तिनं विचारलं.

"बाबांची," तो हसून म्हणाला. "बाबा म्हणतात, माझ्या शेजारी जागा आहे."

मागे पुठ्ठा कापणारा चाकू थांबला.

मग तो बायकोकडे वळला. "आई म्हणते, तुझ्याशी बोलायला जीव तळमळतो, पण आता सुरुवात कशी करू." सासू पांढरीफटक पडली. ती तर काहीच बोलली नव्हती. तो आईकडे वळला. "ही म्हणते, फोटो हलवला ते चुकलं." बायकोच्या हातातली चिल्लर खाली पडली. हे तिनं कधीच म्हटलं नव्हतं. फक्त रोज सकाळी त्या रिकाम्या खिळ्याकडे बघून मनात आणलं होतं.

तेवढ्यात त्यानं दिव्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांचे पांढरे भाग हळदीसारखे पिवळे दिसले.

इस्पितळात पोचेपर्यंत त्याची शुद्ध हरपत चालली होती. डॉक्टरबाई घाईत होत्या, पण शब्द नीट वापरत होत्या. यकृत अचानक बंद पडत होतं. म्हणून विष रक्तात साठून मेंदूत चढलं होतं, म्हणून तो बरळत होता, म्हणून हात फडफडत होता. "काविळीचा विषाणू असू शकतो, रानातली अळिंबी, एखादा झाडपाला, एखादं औषध. कारण कळलं तर उतारा देता येतो. त्यानं काय काय घेतलंय?"

बायकोला पुड्या आठवल्या. सांगितलं तर सासूच्या देखत सिद्ध होणार, नवऱ्याला तिनंच हातानं पाजलं. तिनं सवयीनं खाटेकडे बघितलं. पण निरोप्या निपचित पडला होता. आता मधे कुणी नव्हतं.

"मी पुड्या दिल्या, आई," ती सरळ सासूकडे बघून म्हणाली. "पुष्कळ दिल्या."

सासू एक पाऊल पुढे आली. "आणि मी माझ्या गुडघ्याच्या गोळ्या दिल्या गं. तुला सांगू नकोस म्हटलं त्याला."

"दोन्हींत एकच औषध," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पॅरासिटामॉल. त्यात पोट रिकामं." आणि नर्सला हाक मारून त्यांनी उताऱ्याची सलाईन लावायला सांगितली. यकृत पुन्हा उभं राहिलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्याचं बसवावं लागेल, आणि ते मिळेलच असं नाही. दोघी एकमेकींचा हात धरून ऐकत होत्या. कुणी कुणाचा धरला, ते दोघींनाही आठवत नाही.

सकाळी कपडे न्यायला दोघी घरी आल्या. काळी फ्रेम दुकानातल्या टेबलावर तशीच वाट बघत होती. सासू म्हणाली, "पकड घे." सुनेनं खिळे उपटले, सासूनं काचेचे तुकडे केले, लाकूड मोडून दोघींनी लांबच्या उकिरड्यावर टाकलं. हे कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं.

दुसऱ्याचं यकृत बसवावं लागलं नाही. त्याचं स्वतःचंच सावरलं. तो घरी आला तेव्हा वाळून काटकी झाला होता, पण डोळे स्वच्छ होते. त्या दिवसांतलं त्याला काहीच आठवत नव्हतं. सासऱ्यांचा फोटो पुन्हा दर्शनी भिंतीवर होता, आणि दुकानात दोन बायका एकमेकींशी इतक्या बोलत होत्या की ह्याला तोंड उघडायला जागा नव्हती.

तो स्टुलावर बसून बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, बाबा विचारतात, फ्रेम का मोडलीत?"

बायको गल्ल्यावरून उठून त्याच्यासमोर आली. ती म्हणाली, "अहो, हात पुढे धरा बघू."

त्यानं पंजा पुढे धरला. पंजा जराही हलला नाही.

सासूनं हातातला चाकू खाली ठेवला. फोटोकडे मात्र बघितलं नाही. "त्यांना सांग," ती म्हणाली, "ऑर्डर रद्द झाली."