संत्र्याचं फूल आणि माझी पिल्लं

मी एक जुनी मरळ आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. गोडगोड गोष्ट हवी असेल तर दुसरा मासा गाठा.

रामाकोन्याच्या शिवारात, नाल्याच्या डोहात मी वाढले. आम्हा मरळींची रीत साधी आहे. पाऊस लागून पाणी काठच्या गवतात शिरलं, की नर आणि मी गवत सारून थाळीएवढी जागा मोकळी करतो. तिथे माझी अंडी तरंगतात. पिल्लं निघाली की दोघांनी राखण करायची. बेडूक जवळ आला तर त्याची खैर नसते! या डोहातल्या मरळीचं सौंसरच्या बाजारात नाव होतं. होतं, बरं का.

मग पावसाचीच मती फिरली. यंदा ऐन वैशाखात तो गारांसकट कोसळला. पाणी गवतात चढलं आणि मी भुलले, अंडी घातली. दुसऱ्या दिवशी असं ऊन तापलं की काठचं पाणी चहासारखं झालं. सगळी अंडी पांढरी पडून मेली. त्या पावसाला मी काय काय बोलले, ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

मृगात एक जोराची सर आली. पोटात उरलेली अंडी मी घातली, आणि या वेळी पिल्लं निघाली! तांबडी, वळवळती, शेकड्यांनी. पण पावसाने पुन्हा दडी मारली.

काठावर भिवाजीचा संत्र्याचा बगीचा आहे. बहार धरायला त्याने झाडांचं पाणी तोडून ताण दिला होता; ताणानंतर पाणी मिळालं की संत्री फुलतात. त्या एका सरीने झाडंही माझ्यासारखीच फसली आणि फुलांनी लदबदली. आता पाणी नाही मिळालं तर फूल गळणार, म्हणून त्याने डोहात मोटर सोडली.

तिसऱ्या दिवशी पाणी घोट्यावर आलं. त्याची बायको वच्छला काठावर थबकली.

"अजी, मोटर बंद करा ना! लाल लाल पिल्लं हायेत इथं. मायबाप दोघंही राखण करून राहिले."

"फूल गळून राहिलं माहं, अन् तुले माशाईची पडली? पानी आलं का मासे येतेच आपोआप!"

आपोआप? अरे, मासे काय ढगातून पडतात?

मोटर संध्याकाळपर्यंत चालली. नर पिल्लांपाशी चिखलात पडून राहिला. पिल्लं वाळली, तोही मेला, पण जागचा हलला नाही. मी खालच्या खड्ड्यात सरकले आणि उरल्या पाण्यात, आम्हा मरळींना जमतं तशी, वरची हवा गिळत जगले. का जगले, कोण जाणे.

मित्रांनो, जगले म्हणून माझं कौतुक करू नका. पाऊस आता भरवशाचा राहिला नाही, तुम्ही तरी भरवशाचे राहा. डोहात कंबरभर पाणी राखून मोटर काढा, एवढंच सांगते.

काल मोठा पाऊस झाला. डोह तुडुंब भरला आहे. भिवाजी सकाळपासून गळ टाकून बसला आहे. बसून राहा, बाबा. डोहात मी एकटी आहे, आणि यंदा माझ्या पोटात एकही अंडं उरलेलं नाही.