दोन बोटं मान

कवठे येमाईच्या शिवारात फकीर आणि संपत यांची कांदाचाळ एकच होती. मधोमध बांबूचा तट्ट्या लावून दोन भाग केलेले. डावा फकीरचा, उजवा संपतचा. "तट्ट्या कांद्यात हाय, मनात न्हाई," असं संपत प्रत्येक भाषणात सांगे, आणि सोसायटीचा संचालक असल्यामुळं त्याला भाषणं बरीच करावी लागत.

कांद्याच्या बाबतीत फकीर फार कडक. काढणीच्या बऱ्याच आधी पाणी तोडायचं, उपटलेला कांदा पातीखाली झाकून वावरातच सुकवायचा, आणि पात कापताना वर दोन बोटं मान राखायची. मान राखली की तोंड मिटतं, आणि तोंड मिटलं की कांदा टिकतो. "माणसाचं बी तसंच हाय," सुगराबी नवऱ्याकडं बघून म्हणायची. संपतच्या घरी त्याची बायको झुंबरबाई पात अगदी कांद्यालगत छाटायची. माल गोटीसारखा गुळगुळीत दिसला पाहिजे, हा संपतचा हट्ट. पाणी मात्र या खेपेला आपणही वेळेवर तोडलं, असं त्यानं फकीरच्या गळ्याला हात लावून सांगितलं होतं.

चाळ भरायची वेळ झाली आणि नेमकं पाटसला फकीरच्या भाचीचं लग्न आलं.

"जा रं तू," संपत म्हणाला. "दोन्ही बाजू मी भरून घेतो. बिर्याणीचा डबा तेवढा आण."

फकीरनं डबा आणला. संपतनं बोटं चाटत खाल्ला.

पुढं रोज सकाळी फकीर चाळीपुढं उभा राहून फटींतून आपला कांदा बघे. प्रत्येकाला दोन बोटं मान, शिस्तीत बसलेले. अशात जुलैमध्ये डाव्या बाजूनं वास सुटला. खालून काळं पाणी गळायला लागलं.

"लग्नाच्या गडबडीत पाणी तोडायचं इसरला असशील," संपत हळहळला.

फकीरला स्वतःचाच संशय आला. संपतच्या बाजूला लागण होईल म्हणून त्यानं उलट संपतचीच माफी मागितली. संपतनं मोठ्या मनानं ती दिलीही.

मग फकीर सडका कांदा निवडायला बसला. पुढची रांग काढली. मागचा कांदा हातात आला, त्याला मानच नव्हती. पुढच्यालाही नव्हती. पाट्यांवर पाट्या उपसल्या, पण मानेचा एक कांदा सापडेना. तो उठला, वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि पहिली रांग सारून आत हात घातला. मागं सगळे मानवाले, खडखडीत वाळलेले.

तेवढ्यात संपत चहाची किटली घेऊन आला.

"गळ्याला हात लावला व्हतास, संप्या."

"आरं, गड्यांकडनं अदलाबदल झाली आसंल."

"आन् पुढच्या रांगा? माझी माझ्याकडं, तुझी तुझ्याकडं. त्या बी गड्यांनीच लावल्या?"

संपतनं किटली खाली ठेवली.

"पाण्यानं कांद्याचं वजन भरत व्हतं, तोडू वाटंना," तो म्हणाला. "सडणार हे कळत व्हतं. पर संचालकाचा कांदा सडला तर लोक काय म्हणत्याल? तू दोस्त, म्हणून तुझ्याकडं ठिवला. दुसऱ्या कुणाकडं ठिवला असता का?"

हे मात्र खरं होतं. दुसरं कुणी चाळ संपतच्या भरवशावर सोडून लग्नाला गेलंच नसतं.

"माझा मी न्हेतो," फकीर म्हणाला.

"न्हे की. पर अंधार पडल्यावर न्हे."

फकीरनं भर दुपारी चाळीच्या उजव्या बाजूला ट्रॉली लावली. सुगराबी पाट्या भरू लागली, तो वाहू लागला. संपतही लगबगीनं हात लावायला आला. तेवढ्यात गावातल्या सोपानरावांनी रस्त्यावर मोटारसायकल थांबवली.

"काय संपतराव, फकीरचा सडला म्हणून आपला देता व्हय?"

"करावं लागतं, दादा," संपत नम्रपणे म्हणाला. "मैतर हाय."

"असा दोस्त मिळाया नशीब लागतं, फकीरभाई!" म्हणत सोपानराव निघून गेले.

भरली पाटी डोक्यावर घेऊन फकीर उभा होता. इतकी वर्षं ज्याला त्यानं संप्या सोडून दुसरी हाक मारली नव्हती, त्याच्याकडं त्यानं नीट बघून घेतलं.

"संपतराव," तो म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हा. वाट पायजे."