उभी ठेवलेली बाटली

बुचाचा भुगा तळहातावर पडला होता, शिळ्या भाकरीच्या कडेसारखा कोरडा, आणि कृष्णात त्याच्याकडेच बघत बसला होता, कारण समोर बघायची त्याची छाती होत नव्हती. बूच ओलं असायला हवं होतं. बाटली आडवी असली की आतली वाईन बुचाला भिजवत राहते, बूच फुगतं, वारा आत शिरत नाही... हे त्यानेच तर एन्झोला ऐकवलं होतं, कारखान्यात, चारचौघांत, फुशारकीने. तुमच्या माणसांसारखीच ठेवलीय मी, आडवी, अंधारात.

एन्झो इटलीहून नवं यंत्र बसवायला आलेला इंजिनियर आणि कृष्णात त्या ऑइल इंजिनच्या कारखान्यातला फिटर. लढाईत दोन वर्षं इटलीत काढल्यामुळे त्याला ती भाषा मोडकीतोडकी येत होती, आणि तेवढ्या भांडवलावर तो महिनाभर साहेबाच्या खांद्याला खांदा लावून हिंडला होता. आज रविवार म्हणून एन्झोला घरी जेवायला आणलं होतं. दारूबंदीचे दिवस, दार लोटलेलं, खिडकीला धोतर टांगलेलं.

कौलातल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा येत होता. एन्झोने बाटली त्यात धरली. गाळ सगळा बुडाशी बसला होता. आडव्या बाटलीचा गाळ कुशीला बसतो.

"उभी होती," तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं म्हणाला.

उभीच होती... आणि मला ते ठाऊक होतं. लढाईच्या दिवसांतली, शिएना शहराच्या दक्षिणेची ती चिकणमातीची टेकडी, तिच्या पोटातलं ते गार तळघर, आणि तळघराचा मालक म्हातारा बेप्पे पिंपावर हात ठेवून सांगतोय – सांजोव्हेजे जातीची द्राक्षं लहानपणी भांडखोर असतात, कच्च्या जांभळासारखी जीभ आवळतात. त्यांना ओकच्या पिंपात चार वर्षं कोंडायचं, मग बाटलीत दहा-पंधरा वर्षं निजवायचं. निजवायचं हाच शब्द. मग तापटपणा झिजतो, लाल रंग विटकरीकडे झुकतो, आणि वाळल्या चेरीचा, चामड्याचा, तंबाखूचा असा काही वास सुटतो की माणूस पेला तोंडाला लावायचं विसरतो. बेप्पेचा मुलगा रशियात लढायला गेला तो परतला नव्हता. घरी पोचलास की आईबरोबर पी, असं म्हणून त्याने बाटली हातात ठेवली होती. आईबरोबर! मुरगूडची अंबूबाई आणि वाईन... कृष्णात तेव्हा पोट धरून हसला होता.

घरी आल्यावर त्याने बाटली देवांमागे आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती उभी होती. त्याने पुन्हा निजवली, आईने पुन्हा उभी केली. "आडवं मेल्याला ठेवत्यात, लेका," ती म्हणाली होती. "ही तुझ्यासंगं लढाईतनं जिती आलीया. उभीच ऱ्हाऊ दे." त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं, खरं सांगायचं तर फार बरं वाटलं होतं, आणि मग त्याने बाटलीला हात लावला नाही. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं. दारूबंदी आली तेव्हा तो म्हणाला, नदीत टाकू. "देवामागं कोन हुडकाय येतंय?" म्हणून आईनेच ती वाचवली.

"कोणी उभी केली?" एन्झोने विचारलं.

नेमकी तेव्हाच आई रश्श्याची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. पेटीतलं इरकली लुगडं नेसली होती. डोक्यावरचा पदर सावरून ती थांबली, लेक ओळख करून देईल म्हणून.

"माम्मा?" एन्झो अर्धवट उठत म्हणाला.

कृष्णातने मान हलवली. "नाही. कामाची बाई. तिला यातलं काही कळत नाही."

निघून गेलं तोंडातून. नुसतं निघून गेलं असंही नाही – मोडक्या भाषेत शब्द शोधावे लागतात, जुळवावे लागतात, आणि मी ते शोधले, जुळवले. एका बाटलीपायी. साहेबापुढे तोंडघशी पडू नये म्हणून.

एन्झोने आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या. दोघांचं नाक एकच, बाकदार, गावात कुणीही लांबून ओळखावं असं. एन्झोने वाटी दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले. मग पेल्यात वाईन ओतली. विटकरी रंग होता, पण वास आंबूस, तिखट. त्याने ती घोटाघोटाने संपवली, चेहरा जराही न मुरडता.

"टेकडी अजून आहे हिच्यात," तो म्हणाला. "तळाला. थोडी."

कृष्णातने स्वतःचा पेला तोंडाला लावला. नुसता शिरका. पाहुण्याने एक खोटं पिऊन टाकलं होतं आणि दुसरं गिळलं होतं, आणि घरमालक मेल्याहून मेला होऊन भाकरी मोडत होता.

एन्झो गेल्यावर आई भांडी घासायला बसली.

"काय म्हनला पावणा?"

"ज्यावान झ्याक झालतं म्हनला."

"आनि ती बाटली?"

"चांगली हुती."

"मग झालं. इतकी वर्सं संबाळली म्या." राखेचा हात वाटीवर फिरत राहिला. मग तिने विचारलं, "त्यांच्यात आईला काय म्हंत्यात रं?"

कुठलाही शब्द सांगता आला असता. तिला काय कळणार होतं? पण जीभ दुसरीकडे वळेना.

"माम्मा."

"माम्मा," ती सावकाश म्हणाली. हात थांबला नाही. "आपल्यावानीच हाय की."

आता विचारेल. मग मान का हलवलीस, म्हणेल... त्याने उत्तर तयार ठेवलं – भाषेचा घोटाळा झाला, त्याने वेगळंच विचारलं होतं. तिने वाटी विसळून उपडी घातली, दुसरी घेतली. ती विचारत नव्हती. आणि वाट बघता बघता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला तिच्या विचारण्याची भीती राहिलेली नाही. तिने विचारावं, चार माणसांत ऐकू जाईल असं फाडकन विचारावं, एवढंच हवंय. पण ती विचारणार नव्हती. आपल्यालाच बोलावं लागणार होतं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, आणि आता कुठल्या तोंडाने तिला आई म्हणायचं, याचीच लाज वाटली.