डोळ्यातली किरच

१९५७च्या वैशाखात गोंडपिपरीजवळच्या एका जंगलगावात पत्रू लोहाराच्या उजव्या डोळ्यात लोखंडाची किरच गेली. छिन्नीनं जुना फाळ तोडत असताना कपची उडाली. रक्त फारसं आलं नाही, म्हणून त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, डोळ्यात शेळीचं दूध सोडलं. पण दिसणं कमी होऊ लागलं, तेव्हा तिनं त्याला मोटारीत बसवून चांद्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. "लोखंड खोल आहे. आत राहिलं तर गंजेल आणि डोळा नासेल. लोहचुंबकानं ओढून काढावं लागेल. पण नजर वाचेलच, असं नाही."

रुखमाबाईनं खाटेशेजारच्या यंत्राकडे पाहिलं. तारेच्या जाड वेढ्यांत लोखंडी दांडा, पुढे निमुळतं टोक.

"बाई, थो लोहचुंबक असन, तं बाजूची कात्री काऊन नाई चिकटली?"

"वीज सोडलेली नाही म्हणून." बाईंनी दारावरची घंटी वाजवून दाखवली. "हिच्यातही असेच वेढे आहेत. बटण दाबलं की त्यांतून वीज जाते, मधलं लोखंड चुंबक होतं आणि घंटीवर ठोका देणाऱ्या दांडीला ओढतं. वीज तुटली की पुन्हा साधं लोखंड. हा डोक्यावरचा पंखाही चुंबकाच्या ओढीनंच फिरतो. आपलं यंत्र जास्त जोरदार, एवढंच."

"म्हंजे माह्या डोयातलं आतून ओढन," खाटेवरून पत्रू म्हणाला.

"हो. दुखेल. पण हलायचं नाही."

नर्सनं त्याचं डोकं धरलं. बाईंचे दोन्ही हात गुंतले होते आणि यंत्राचं बटण भिंतीवर होतं. त्या रुखमाबाईला म्हणाल्या, "मी सांगेन तेव्हा दाबा, सांगेन तेव्हा सोडा. जमेल?"

लग्न झाल्यापासून ती पत्रूच्या शब्दावर भाता ओढत आली होती. तिनं होकाराची मान हलवली.

"दाबा."

पत्रू किंचाळला. तिचं बोट आपसूक उचललं गेलं.

"सोडू नका! दुखतंय, म्हणजे लोखंड हलतंय."

"माह्याच्यानं नाई होत, बाई."

"रुखमे, दाब," पत्रूच म्हणाला. "मी हालत नाई."

तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि अंगठ्यानं बटण दाबून धरलं. मागून कण्हणं ऐकू येत होतं. तिनं अंगठा काढला नाही. मग टिक असा बारीक आवाज झाला.

"सोडा."

टोकाला चिकटलेली किरच बशीत पडली. तांदळाच्या कणीहून लहान.

काही दिवसांनी पट्टी निघाली तेव्हा बाईंनी त्याचा डावा डोळा झाकून पुढे हात हलवला.

"काय दिसतं?"

"उजेड. आन् सावली."

त्याहून जास्त पुढेही कधी दिसलं नाही. डोळा राहिला, नजर गेली. रुखमाबाई व्हरांड्यात जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत आली.

ते गावी परतले तेव्हा दुरुस्तीला आलेल्या फाळांचा ढीग साचला होता. पत्रू ऐरणीपुढे बसला. पहिला घाव ऐरणीच्या कडेवर पडला, दुसराही. त्यानं घण खाली ठेवला.

"एका डोयानं अंतरच नाई समजून राह्यलं."

रुखमाबाईनं घण उचलला. "तुमी नुसती जागा दाखवा. घाव मी घालीन."

त्यानं लहान हातोडीनं लाल फाळावर टकटक केलं. तिचा पहिला घाव हलका पडला. दुसऱ्याला लोखंड दबलं. त्यानं सांडशीनं फाळ फिरवला.

आपला फाळ न्यायला आलेला रामाजी दाराशी उभा होता. तो खाली बसला आणि वाट पाहू लागला.