मुकादमाचं दार

कत्तलखान्यातल्या बोकडाला सगळे मुकादम म्हणत, आणि त्याचा रुबाबही तसाच होता. रक्ताचा वास आला की मेंढरं आत नेणाऱ्या चढणीवर पाय रोवून उभी राहत, ढकला नाहीतर मारा, ढिम्म हलत नसत. मग मुकादम दाढी हलवत पुढे निघे आणि ती मुकाट त्याच्या मागे लागत. सुऱ्यांच्या खोलीअलीकडे बाजूला एक दार होतं. मुकादम त्यावर शिंगाने ठकठक करी. फाटकवाला त्याला बाहेर घेऊन दार लगेच लावून टाकी आणि आपल्या हातावरून त्याला बिस्कीट चारी. मेंढरं सरळ पुढे जात. मुकादम आपल्यातलाच, असं फाटकवाला मानायचा. खुद्द मुकादमाचं मतही वेगळं नसावं, कारण मेंढरांकडे तो ढुंकूनही बघत नसे.

मग मुकादम लंगडू लागला. गरज सरो, वैद्य मरो.

"आज त्यालाही जाऊ दे आत," मालक म्हणाला. "नवा तयार आहे."

"मालक, मी घरी नेतो त्याला."

"जावई करून ठेवणार? अरे, जनावर ते. त्याला काय कळतंय! आणि तुला नोकरी नको असेल तर तसं सांग."

फाटकवाला दारापाशी जाऊन उभा राहिला.

ठकठक झाली. त्याने कडीवर हात ठेवला, पण काढली नाही. मुकादम ओरडला नाही की धडपडला नाही. विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यावी तसा वाजवत राहिला. मग आवाज थांबला. सवयीने आणलेलं बिस्कीट फाटकवाल्याच्या खिशातच राहिलं.

त्यानंतर बंद दार त्याला सोसेना. घरी त्याने न्हाणीघराचीसुद्धा कडी उपटली.

"अहो, लाज आहे का काही?" बायको करवादली. "कोण यायचंय एवढं?"



शेवटी कामावरचं ते दारही त्याने बिजागऱ्यांतून काढलं.

"मेंढरं कोण अडवणार मग?" मालकाने विचारलं.

"मी आहे ना."

नवा बोकड बाहेर पडला, बिस्कीट घेऊन कोपऱ्यात गेला. फाटकवाला दाराच्या जागी आडवा उभा राहिला. मेंढरं पुढे सरकू लागली, आणि त्याच्या मांडीवर शिंग वाजलं. ठकठक. त्याने खाली पाहिलं. समोरच्या एकाही मेंढराला शिंग नव्हतं.

पुन्हा ठकठक झाली, तशीच, घाई नसलेली.

"ये, बाबा," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मेंढरं बाहेर पडली. नव्या बोकडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. कुणीतरी लंगडत पुढे चालल्यासारखी ती रांगेने, सावकाश, मोठ्या फाटकाकडे निघाली.